कोकराच्या चालीनं घाटाखाली

शफीकभाईंची घरगाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. तरीही हंडे तसेच टाकून अर्धी गल्ली ती बघायला आली. पांढरी, लांबोडकी गाडी, खिडक्यांना गुलाबी पडदे. पूर्वी ही वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक न्यायची. मग शफीकभाईंनी आतल्या सीटा काढल्या आणि दोन बिछाने, एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी नि मागच्या कोपऱ्यात जेमतेम माणूस उभं राहील एवढं संडास-न्हाणीघर बसवलं. तिला ते कौतुकानं 'हवेली' म्हणतात.

भागाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आली. बाजारात मेंढा घेताना बघतात तसं तिनं खाली वाकून बघितलं, टाकीवर टिचकी मारली.

"समदं हाय," ती म्हणाली. "मेंढरं तेवढी कुठं बसवायची ते इचार."

हा प्रवास तिच्यासाठी होता. आमचं घराणं मेंढपाळांचं, मूळ वैजापूर तालुक्यातलं. दिवाळी झाली की आमचा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) घोड्यावर बाचकी लादून निघायचा, कन्नडच्या बाजूनं जंगल ओलांडून घाट उतरायचा आणि खाली खानदेशातल्या काळ्या रानांत मेंढ्या बसवायचा. मेंढ्या रात्रभर शेतात बसल्या की लेंडीखत मिळतं. बदल्यात शेतकरी धान्य आणि जागा देतो. घाटाच्या पायथ्याला यशोदाबाईंचं शेत होतं. आमच्या मेंढ्या तिथं पिढ्यान्‌पिढ्या बसल्या. आत्याचं सासरही आमच्याच वाड्यात; ती आणि यशोदाबाई एकाच वयाच्या, दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी.

आमच्यात एक रीत आहे. वाडा शेतातून उठताना चुलीचे तीन दगड तसेच उभे ठेवायचे. उभे दगड म्हणजे शब्द, पुढच्या साली येतो. यायचं नसेल तर शेतकऱ्याच्या घरच्या बाईसमोर दगड पालथे करायचे. याला चूल मोडणं म्हणतात. मग ती दुसरा वाडा बोलवायला मोकळी. शेवटच्या साली आमचे दगड उभेच राहिले. घरी परतल्यावर रोगानं निम्मा कळप गेला, उरलेला वडिलांनी विकला, आम्ही शहरात आलो. चूल मोडायला कुणी गेलं नाही. अलीकडे एका ओळखीच्या मेंढपाळाकडून आत्याला कळलं, की यशोदाबाई अजूनही त्या रानात दुसरा वाडा बसू देत नाही. त्या दिवसापासून आत्याचा एकच धोशा होता: मला घाटाखाली ने, चूल मोडायची हाय.

निरोप धाडू म्हटलं, तर तिनं मलाच वेड्यात काढलं. चूल निरोपानं मोडत नाही. समोर उभं राहून मोडावी लागते.

तिचे गुडघे गेलेले. एसटीत तासभरही बसवत नाही, लॉजवर राहणं तिला मान्य नाही आणि परक्याच्या घरात तिला झोप येत नाही. म्हणून घरगाडी. शफीकभाई वडिलांचे जुने दोस्त. वडिलांची चराईच्या हक्काची पत्रकं एके काळी त्यांच्याच टेम्पोतून गावोगाव जायची. वडील गेले, दोस्ती राहिली. गाडीला भाडं नव्हतं, ते स्वतःच म्हणाले, चलो.

बेत आखायला आम्ही तिघं बसलो आणि पहिलंच भांडण झालं. मी फोनवर नकाशा उघडला. सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला घाटाखाली. आत्यानं नकाशाकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, वाडा घरूनच उठतो, म्हणजे आधी वैजापूरकडच्या गावी जायचं. तिथून पुढं कोकरू एका दिवसात जेवढं चालेल तेवढीच मजल. मग ती मुक्काम सांगायला लागली. चिंचेची विहीर, म्हसोबाचा माळ, पांढरीचा ओढा, जंगलातलं पाणी. शफीकभाई कपाळाला हात लावून ऐकत होते.

"अम्मा, गाडी में कोकरू कां है?"

"तू हैस की," आत्या म्हणाली.

मी खरं तर मध्ये पडून हे थांबवायला हवं होतं. पण मला तिची योजना मनातून आवडली होती, आणि त्याचं कारण तिच्याशी संबंधित नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझ्या शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं होती, अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. बंद झालेल्या चराईच्या वाटांवर मला लिहायचं होतं. आत्याचे मुक्काम म्हणजे त्या वाटाच. घर सोबत घेऊन जंगलात हिंडणं ही आज पैसेवाल्यांची हौस झाली आहे आणि ज्यांचं ते जगणंच होतं त्यांना जंगलाच्या वेशीवर अडवलं जातं, हे मला गुलाबी पडद्यांच्या गाडीतून जाऊन दाखवायचं होतं. त्यामुळे मी आत्याची बाजू घेतली. शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर ज्या मुक्कामांना पाणी होतं तेवढेच धरले, बाकीचे सोडले. अर्ध्या दिवसाचा रस्ता आम्ही अनेक दिवसांवर पसरला.

निघण्याच्या आदल्या दिवशी आत्यानं मला गुलमंडीच्या बाजारात नेलं. चार दुकानं पालथी घालून यशोदाबाईंसाठी हिरवा खण घेतला. दुकानदार दुसरे रंग दाखवायला लागला तर म्हणाली, "तिला हिरवंच लागतं. तुला काय ठावं."

गावी पोचलो ते भर दुपारी. वैजापूरच्या बाहेर कांद्याच्या रोपांना पाणी चाललं होतं, कापसाच्या गाड्या भरत होत्या. आमचं घर चुलत्यांकडे आहे; आत्या आत गेली नाही. मागच्या माळावर गाडी लावायला सांगितली. शफीकभाईंनी मोठ्या उत्साहानं शेगडी पेटवून दाखवली. आत्यानं ती वळवून वळवून बघितली.

"जाताना हिचं मागं काय उरतं?"

"कुच नै अम्मा. साफ."

"मंग ही कसली चूल."

तिनं बाहेर तीन दगड मांडले. बाजरीच्या भाकरी, मेथीची परतलेली भाजी, शेंगदाण्याचा ठेचा. शफीकभाई आधी रुसले, तिसऱ्या भाकरीला मात्र ताट पुढं करत होते. झोपताना आत्यानं गाडीचा दरवाजा उघडा ठेवायला लावला. मेंढरांचा आवाज आला नाही तर तिला झोप लागत नसे. आता निदान वारा तरी यावा, असं ती म्हणाली.

दुसरा मुक्काम देवगावच्या पुढं एका शेतात. चिंचेची विहीर तीच होती, चिंच नव्हती. शेतमालक चाळिशीचा, गमत्या माणूस. त्याच्या आजोबांकडे आमचा वाडा बसायचा म्हटल्यावर त्यानं आनंदानं जागा दिली. मग गाडीला टेकून त्यानं विचारलं, मेंढरं किती आहेत? आत्या म्हणाली, विकली.

"मग आजी, शेतात बसवता काय? ह्यांची संडासाची टाकी?"

शफीकभाई पोट धरून हसले. मीही हसले. आत्या हसली नाही. थोड्या वेळानं बघते तर ती नांगरलेल्या तुकड्यात वाकून दगड वेचत होती. गुडघे वाकत नाहीत म्हणून एक पाय लांब करून, काठीवर रेलून, एकेक दगड पदरात टाकून बांधावर नेत होती. मालक धावला, आजी राहू द्या, चेष्टा केली म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

"फुकटात मुक्काम न्हाई केला कवा," एवढंच म्हणाली.

मी तिच्याबरोबर वेचायला लागले. अंधार पडेपर्यंत बांधावर चांगला ढीग झाला. तेव्हा मला कळायला हवं होतं, की तिला हा प्रवास कशासाठी हवा आहे. मी मात्र मनात वाक्यं जुळवत होते: ज्यांनी रानं सुपीक केली त्यांना आज रानात रिकाम्या हातानं उभं राहावं लागतं. वाक्य चांगलं होतं. अजूनही वाटतं, चांगलं आहे.

कन्नड मागं पडलं आणि जंगल सुरू झालं. दिवाळीनंतरचं जंगल. पावसाची हिरवाई उतरलेली, साग पिवळा पडत चाललेला, अंजनाची पानं तेवढी टवटवीत. दऱ्यांच्या कडेला गवत खांद्याएवढं, वाळून सोनेरी झालेलं, वारा आला की एका अंगाला झुकायचं. एका वळणावर आम्ही चहाला थांबलो, तर वानरांच्या टोळीनं छताच्या झरोक्यातून हात घालून सकाळच्या सगळ्या भाकऱ्या पळवल्या. शफीकभाई झाडू घेऊन मागं धावले. एक म्हातारं वानर फांदीवर बसून त्यांच्याकडे बघत निवांत भाकरी खात होतं. प्रवासात आत्या पहिल्यांदा खळखळून हसली ती तेव्हा.

मग ती गवताकडे बघत राहिली. "एवढं गवत. आन् खायला कुणी न्हाई."

जंगलातलं पाणी म्हणजे आमचा तिसरा मुक्काम आता अभयारण्याच्या हद्दीत येतो. नाक्यावरचा वनरक्षक तरुण होता, आत्याला आजी म्हणाला, बसायला खुर्ची दिली. मुक्काम कुणालाच करता येत नाही, हे त्यानं समजावून सांगितलं. नियम त्यानं केलेला नव्हता. मग तो म्हणाला, "आजीला पाणी बघायचंय ना? तिकीट काढा, मी गाडीवर बसवून नेतो आन् आणतो. तासाभराचं काम. ऊन उतरायच्या आत तुम्ही घाट उतरून खाली."

आत्या उठलीच. "बास की. लांबनं बघितलं तरी पुरं."

वडिलांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला एक ओळ असायची: तोंडी नको, लेखी द्या. ती ओळ वाचून मी वाचायला शिकले. तोंडी नकार हवेत विरतो, लेखी नकारावर लढता येतं, हे वडील मला जेवताना सांगत. मी वनरक्षकाला म्हणाले, आमच्या घराण्याचा इथला मुक्काम पिढ्यांचा आहे, तो नाकारताय हे लेखी द्या.

तो गडबडला. "मला अधिकार नाय ताई. कन्नडला साहेबांकडं जावं लागंल."

"मग कन्नडला जाऊ."

शफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि ते किल्ली फिरवायचे थांबले. आत्यानं माझं मनगट धरलं.

"बये, यशोदी खाली हाय. हितं न्हाई."

हे तिनं स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, रागावून नव्हे, रडून नव्हे. मी ऐकलं आणि तरी म्हणाले, एका दिवसानं काय होतंय आत्या, उद्या सकाळी उतरू. इतकी वर्षं दगड उभे आहेत, एक रात्र अजून.

कन्नडच्या कार्यालयात साहेब फेरीवर गेले होते. बाबू भला माणूस, त्यानं पंखा लावून दिला. मी अर्ज लिहिला, तो चुकीच्या नावे होता म्हणून पुन्हा लिहिला. समोरच्या हॉटेलातला वडा खाल्ला. दुपार कलली. साहेब आले, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, नियम वाचून दाखवला आणि दिवस मावळायच्या सुमाराला सहीशिक्क्याचा कागद माझ्या हातात ठेवला. मी तो दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. मला खरोखर वाटलं होतं, की मी काहीतरी जिंकून आणलंय.

शफीकभाई गाडीला टेकून उभे होते. "तेरे बाबा होते तो शाबासी देते," ते म्हणाले. मग दरवाज्याकडे मान वळवून, "अंदर जा. अम्मा ने सुबे से कुच नै खाया."

आत आत्या बिछान्याच्या कडेला बसून होती. हिरवा खण मांडीवर होता, त्याची घडी ती उलगडून पुन्हा घालत होती.

सकाळी घाट उतरलो. दरीत धुकं साचलेलं, वळणावळणांवर ट्रक कण्हत चढत होते, खाली खानदेशाची रानं एकेक करून उघडी पडत होती. आत्या पुढं शफीकभाईंच्या शेजारी बसली आणि हातानं वाट दाखवत राहिली. इथं डावीकडं. तो लिंब सोड. आता विहीर येईल. विहीर आली.

शेतात कापूस वेचायला बाया होत्या. गाडी बघून त्यांतली एक पदर सावरत बांधावर आली. यशोदाबाईंची सून. आत्यानं नाव सांगितलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"तुम्ही भागाबाई? वाड्यावाल्या?"

तिनं आधी वाकून पाय धरले. मग सांगितलं. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, नवरा त्यांना सुरतेला धाकट्या दिराकडे घेऊन गेला. ऑपरेशन झाल्यावर हिवाळाभर तिथंच राहतील, पुढचं काही सांगता येत नाही. वय झालंय, कानही गेलेत.

"कवा गेली?" आत्यानं विचारलं.

"कालच की. दिवस मावळायला निघाले. सकाळपास्नं जायचं नाही म्हणत बसल्या होत्या. दिवाळी झाली, वाडा यायचे दिवस, मी कशी जाऊ म्हणत्या. दरसाली असंच असतं त्यांचं."

मी आत्याकडे बघायचं टाळलं. त्या वेळी मी कुठं होते ते मला माहीत होतं.

दगड होते. शेताच्या वरच्या अंगाला, लिंबाच्या जराशा सावलीत, तीन काळे दगड, मध्ये गवत उगवलेलं. भोवती कापसाच्या ओळी वाकडी वळणं घेऊन गेल्या होत्या. सून म्हणाली, ट्रॅक्टरवाला दरवेळी कुरकुरतो, फाळ अडतो म्हणतो. पण सासूबाई स्वतः येऊन उभ्या राहतात, हात लावू देत नाहीत. आत्या काठी टेकत गेली आणि त्यांच्यापाशी खाली बसली. एका दगडावर तळवा ठेवून बसली. मी वाट बघत होते, की आता ती पालथा करेल. केला नाही. ज्या बाईसमोर मोडायची ती बाई नव्हती.

सुनेनंच सुचवलं, फोन लावते. नवऱ्यानं उचलला. तो ओरडून आईच्या कानात सांगत होता, भागाबाई आल्यात, वाड्यावाल्या भागाबाई. बराच वेळ नुसताच खरखराट. मग पलीकडून एक म्हातारा, चिरका, खूप मोठा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा असतो तसा.

"मेंढरं घाट उतरली का गं?"

फोन आत्याच्या हातात होता. मी शेजारी होते. खोटं बोलू नये, लोकांना सत्य सांगावं, सत्यानंच माणूस मोकळा होतो, हे मी कितीदा लिहिलंय. आम्ही आलो होतो ते हेच सांगायला, की मेंढरं नाहीत, आता येणार नाहीत, तू थांबू नकोस. मी पुढं झाले. आत्यानं डावा हात माझ्या छातीवर आडवा धरला, मेंढीला अडवतात तसा.

"उतरली," ती ओरडून म्हणाली. "उतरली गं यशोदी. तू डोळं नीट करून ये."

"राखलेल्या रानात बसव. वरल्या अंगाला."

"व्हय. तिथंच बसवती."

मग मुलाचा आवाज आला, आईला आता तपासायला आत नेतायत म्हणाला, आणि फोन बंद झाला.

सुनेनं चहा केला. जाताना तिनं जरा चाचरत विचारलं, की आता तुम्ही येऊन गेलात, तर हे दगड काढले तर चालतील का? विचारणं रास्त होतं. आत्या म्हणाली, तिला येऊ दे. खण सुनेच्या हाती द्यावा असं मी सुचवलं, तेही तिला पटलं नाही. हातात हात घेऊनच द्यायचा. खण गाडीत परत आला.

परतीला मुक्काम केले नाहीत. कोकरू नव्हतं, घाई नव्हती, थांबायचं कारणही उरलं नव्हतं. घाट चढून, कन्नड ओलांडून शफीकभाईंनी गाडी सरळ शहराच्या रस्त्याला लावली. त्यांनी गाणी लावली नाहीत. वेरूळच्या अलीकडे आत्या म्हणाली, "लेखी घेतलंस न्हवं? वाच."

मी कागद काढून वाचला. संदर्भीय अर्जान्वये आपणांस कळविण्यात येते की, असं करत शेवटपर्यंत.

"ह्यात माझं नाव हाय?"

अर्जदार म्हणून माझंच नाव होतं. तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीतून बघायला लागली.

गल्लीत गाडी थांबली तेव्हा शेजारणी विचारत आल्या, कसा झाला प्रवास, जंगल कसं आहे. जंगल सुंदर आहे. जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, गवत सोनेरी असतं, वानरांपासून भाकरी सांभाळा. एवढं मी त्यांना सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

तो कागद वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवला आहे. लेखी मागणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. चराईच्या वाटांचा प्रश्न खरा आहे, त्यावर मी लिहिणार आहे आणि तो कागद त्यात लागेल. पण तो दुसऱ्या दिवशीही मिळाला असता, महिन्यानंही मिळाला असता. कार्यालय तिथंच आहे. घाटाखाली एक बाई सकाळपासून निघायचं लांबवत बसली होती, आणि तिच्यापर्यंत पोचायला आमच्याजवळ चाकं होती, रस्ता होता, अख्खा दिवस होता. तो दिवस आत्याचा होता. मी तो तिला न विचारता खर्च केला. ती यावर मला एक शब्द बोललेली नाही, आणि बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

रोज सकाळी चहा झाला, की ती म्हणते, लाव जरा. मी यशोदाबाईंच्या सुनेला फोन लावते. ऑपरेशन झालं, डोळा बरा आहे, अजून सुरतेलाच आहेत. कधी येतील सांगता येत नाही. मग आत्या स्वतः फोन घेऊन विचारते, दगड?

आहेत, सून सांगते. काल ट्रॅक्टर आला होता. वळसा घालून गेला.